हॅझलडनच्या उतारावर गाडी कोण हाकत होतं

जबाब

ठिकाण : मॅजिस्ट्रेटची कचेरी, वुस्टर
दिनांक : १८ ऑक्टोबर १७७३, सोमवार, सकाळी दहा वाजता

माझे नाव टॅबिथा हॅलोवे, वय ५१ वर्षे, विधवा, धंदा हातमोजे शिवणे, राहणार नदीकाठची कातडीवाल्यांची गल्ली, वुस्टर.

मी समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी बावीस वर्षांपासून राहते, सध्या एकटी. माझी मुलगी लंडनला दिली आहे. तिच्या बाळंतपणासाठी मी सहा आठवडे तिकडे होते. मुलगी व बाळ सुखरूप आहेत.

हा जबाब द्यायला मी याआधी एकदा दुसऱ्या मॅजिस्ट्रेटसमोर बसले होते. तिथे माझा जबाब माझ्याआधीच लिहून तयार होता. ते पुढे सांगते.

बुधवार दिनांक १३ रोजी पहाटे मी लंडनहून वुस्टरला येणाऱ्या चार घोड्यांच्या गाडीत बसले. माझी जागा आतली, खिडकीकडची होती. तशी चिठ्ठी मी आज हजर केली आहे. माझ्यासमोर रेव्हरंड सायलस गॅमन नावाचे पाद्री होते. टपावर इव्हान प्रॉसर हा वेल्श इसम होता, वय अंदाजे चाळीस, धंदा गुरं हाकणे. त्याच्या गावाचं नाव त्याने मला दोनदा सांगितलं, पण मला ते उच्चारता येत नाही. गाडीच्या पाठीला सामानासाठी वेताची मोठी टोपली बांधलेली असते. तिच्यात पेट्यांच्या मध्ये केझाया मंडी ही बाई बसली होती, वय साठीच्या पुढे, धंदा लेस विकणे. गाडी हाकणारा जोब टर्व्ही. यांपैकी कोणाशीही माझी आधीची ओळख नव्हती.

पहिल्या दिवशी दुपारी गाडी चिखलात रुतली. टर्व्हीने सगळ्यांना उतरायला सांगितलं. मी उतरले, केझाया उतरली, प्रॉसरने चाकाला खांदा लावला. पाद्री उतरले नाहीत. त्यांच्या बुटांना नवीन बकलं होती. केझाया त्यांना खिडकीतून म्हणाली, "बसा हो पाद्रीसाहेब, बसा. तुम्ही आतून प्रार्थना करा, आम्ही बाहेरून ढकलतो." प्रॉसरला इंग्रजी थोडंच येतं, पण एवढं त्याला कळलं. तो इतका हसला की त्याचा खांदा चाकावरून निसटला आणि गाडी पुन्हा मागे आली.

ऑक्सफर्डला मुक्काम झाला. मी व केझाया एकाच खाटेवर झोपलो. तिच्या मागेपुढे कोणी नाही असं तिने सांगितलं. तिच्याबद्दल मला जेवढी माहिती आहे ती त्या दीड दिवसातलीच आहे.

गुरुवार दिनांक १४ रोजी दुपारी एक वाजता घोडे बदलायला गाडी एका खानावळीपाशी थांबली. आम्ही उकडलेलं मटण आणि पाव खाऊन बाहेर आलो, तेव्हा माझ्या जागेवर दोन शिकारी कुत्री बसलेली होती. कुत्री मि. फ्रेडरिक ऑस्कॉम्ब यांची, वय अंदाजे तेवीस. त्यांनी आधी जागा घेतलेली नव्हती. ते स्वतः पुढे टर्व्हीच्या शेजारी बसणार होते. टर्व्ही माझ्याजवळ येऊन म्हणाला,

"बाई, जरा वर बसता का? साहेबांची कुत्री दमलीत."

मी म्हणाले, "ती माझी जागा आहे."

"आहे हो, कोण नाही म्हणतंय? पण कुत्र्यांना टपावर कसं बसवणार? पडतील ना."

"आणि मी?"

"तुम्हाला धरायला हात आहेत."

हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. मी पाद्र्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "प्रवासात थोडं सोसावं लागतं, बाई," आणि त्यांनी एका कुत्र्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

मागून केझाया ओरडली, "अहो साहेब, कुत्र्यांनी चिठ्ठी काढलीय का?"

मि. ऑस्कॉम्ब म्हणाले, "म्हातारे, तू सामानात बसली आहेस. सामानाने बोलायचं नसतं."

"मग सामान नीट पोचवा म्हणजे झालं," असं ती म्हणाली.

प्रॉसरने मला हात देऊन टपावर ओढून घेतलं. बसायला पोतं दिलं, स्वतःचा कोट माझ्या पाठीवर टाकला आणि दोरीने मला लोखंडी कठड्याला बांधलं. माझ्याशी तो आदराने वागला. त्याने दोनशे काळी गुरं लंडनच्या बाजारात पोचवली होती. पाय सुजल्यामुळे तो या खेपेला गाडीने परत चालला होता. त्याचं कुत्रं मात्र पायीच निघालं होतं, एकटं. दरवर्षी ते तसंच घरी जातं, वाटेतल्या खानावळीवाले त्याला ओळखतात, खायला घालतात, असं तो म्हणाला. केझाया खालून म्हणाली, "ऐकलंस का गं? गरिबाचं कुत्रंसुद्धा पायी घरी जातं." त्यावर टर्व्हीदेखील हसला. मि. ऑस्कॉम्ब हसले नाहीत.

दारूबद्दल विचारल्यावरून सांगते की, प्रॉसरने खानावळीत बिअरचा एक पेला घेतला, तो मी पाहिला. पाद्र्यांनी ब्रँडी घेतली. मि. ऑस्कॉम्ब यांच्या खिशात चांदीची कुपी होती, ती त्यांच्यात आणि टर्व्हीत सारखी फिरत होती. त्या गाडीत अजिबात न प्यायलेले म्हणजे चार घोडे आणि ती दोन कुत्री. प्रॉसर दारूच्या अमलात होता हे म्हणणं खोटं आहे. तसं कोणी लिहून दिलं असेल तर लिहून देणारा खोटा आहे.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास गाडी हॅझलडन टेकडीच्या माथ्यावर आली. ऊन होतं. रस्ता कोरडा होता. तिथे मि. ऑस्कॉम्ब यांनी टर्व्हीकडे लगाम मागितले. टर्व्ही म्हणाला, "साहेब, उतार वाईट आहे. खाली गेल्यावर देतो की." ते म्हणाले, "मी काय दुधपितं मूल आहे?" मग टर्व्हीने जागा बदलली व लगाम त्यांच्या हातात दिले. मी त्यांच्या मागे अडीच हातांवर होते. मध्ये काही नव्हतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, कोणाकडून ऐकलेलं नाही.

त्या उतारावर प्रत्येक गाडी माथ्यावर थांबते, आणि मागच्या चाकाखाली लोखंडी पायताण अडकवतात. म्हणजे ते चाक फिरत नाही, घसटत जातं, आणि गाडी घोड्यांच्या अंगावर येत नाही. मि. ऑस्कॉम्ब थांबले नाहीत. प्रॉसर म्हणाला, "पायताण. चाकाला पायताण." त्यांनी मागे न बघता उत्तर दिलं, "लगाम माझ्या हातात असताना पायताण लागत नाही. आठ मिनिटांत खाली नेतो, बघत राहा." मीही टर्व्हीला म्हणाले, "अहो, तुम्ही तरी थांबवा." टर्व्हीने मान वळवली नाही.

पहिल्या वळणापर्यंत घोडे चालत होते. त्यानंतर गाडीचा लाकडी दांडा मागच्या घोड्यांच्या टाचांवर आपटायला लागला आणि घोडे पळाले. पाद्र्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यांची टोपी उडाली. ते ओरडले, "फ्रेडरिक! देवाच्यासाठी सावकाश!" गाडी कोण हाकत होतं हे त्यांना नक्की माहीत होतं, कारण माणूस ज्याच्या हातात लगाम असतात त्याच्याच नावाने ओरडतो. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहायची सोय असेल तर तसं लिहावं.

दुसऱ्या वळणाला डाव्या हाताला दगडाची जुनी खाण आहे. तिला कठडा नाही. तिथे मि. ऑस्कॉम्ब यांच्या हातातले लगाम सुटले. त्यांनी दोन्ही हातांनी बसायची फळी धरली. टर्व्ही त्यांच्या शेजारी होता. त्याचे डोळे मिटलेले होते. गाडी सरळ खाणीकडे चालली होती. तेव्हा प्रॉसर माझ्या अंगावरून पुढे गेला, त्या दोघांच्या मध्ये पोटावर पडला, घोड्यांच्या पाठीवर लोंबणारे लगाम त्याने धरले आणि उजवीकडे ओढले. घोडे उजवीकडे वळले. उजवी चाकं बांधावर चढली व गाडी डाव्या अंगाला रस्त्यावर आडवी पडली. खाणीची कड तिथून चार हात होती. ती मी नंतर माझ्या पावलांनी मोजली.

गाडी प्रॉसरने पाडली काय, असं विचारल्यावरून सांगते की, होय. त्यानेच पाडली. पडली नसती तर ती खाणीत गेली असती, आणि मग जबाब द्यायला कोणीच राहिलं नसतं. मि. ऑस्कॉम्बही नाहीत.

दोरीने बांधलेली असल्याने मी कठड्याला लोंबकळत राहिले. माझ्या दोन बरगड्या दुखावल्या आहेत व उजवं मनगट सुजलं आहे. प्रॉसरचा डावा हात कोपराखाली मोडला. मागची टोपली मैलाच्या दगडावर आपटून फुटली होती. केझाया मंडी टोपलीतून बाहेर पडली होती आणि मागचं डावं चाक तिच्या छातीवर होतं.

प्रॉसर एका हाताने ते चाक उचलू लागला. मी दोरी सोडवून खाली आले व दुसऱ्या बाजूने धरलं. ते हललं नाही. मी टर्व्हीला हाक मारली. तो रस्त्याच्या कडेला बसून रडत होता. मी मि. ऑस्कॉम्ब यांना हाक मारली. ते उभे होते, त्यांना खरचटलंही नव्हतं. ते "बेल! रोव्हर!" अशा हाका मारत होते. दोन्ही कुत्री खिडकीतून बाहेर आली. त्यांनी गुडघ्यांवर बसून दोन्ही कुत्र्यांचे पाय तपासले. आठही पाय. तोपर्यंत मी तिथे चाक धरून उभी होते.

शेवटी शेतातून तीन माणसं धावत आली, त्यांनी चाक उचललं. त्यानंतर केझाया साधारण पाव तास जिवंत होती. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती माझ्याशी बोलली. काय बोलली ते या प्रकरणाला धरून नाही, म्हणून लिहू नये.

प्रॉसर समोर उभा होता. तो तेव्हापासून एकच सांगत होता, "मी ओढलं. म्हातारी मेली." त्याला इंग्रजीत त्यापुढचं सांगता येत नाही. मी ओढलं, कारण गाडी खाणीत चालली होती, हे सांगायला जेवढे शब्द लागतात तेवढे त्याच्याजवळ नाहीत. त्याचे ते चार शब्द गुन्ह्याची कबुली म्हणून लिहून घेतले आहेत.

सायंकाळी पाचच्या सुमारास आम्हाला उताराखालच्या खानावळीत नेलं. तिथले मॅजिस्ट्रेट सर मायल्स ऑस्कॉम्ब हे मि. फ्रेडरिक ऑस्कॉम्ब यांचे सख्खे काका आहेत. त्यांच्या कारकुनाने माझ्यापुढे कागद ठेवला आणि बोटाने खालची जागा दाखवली.

मी म्हणाले, "मी अजून काही बोललेच नाही."

तो म्हणाला, "बाई, तुम्ही दमला आहात. म्हणून लिहून ठेवलंय."

मी वाचायला लागले. कागदात असं होतं की, गाडी टर्व्ही हाकत होता, वेल्श इसमाने दारूच्या अमलात लगाम हिसकावले आणि गाडी उलटली. खाली टर्व्हीचा अंगठा होता. पाद्री शेकोटीपाशी बसले होते. मी त्यांना विचारलं, "पाद्रीसाहेब, तुम्ही नावाने हाक मारलीत. हो ना?"

ते म्हणाले, "मी आत होतो, बाई. आतून काही दिसत नाही."

"तुमची टोपी कुठाय मग?"

त्यांनी शेकोटीत लाकूड सारलं. सर मायल्स यांच्या हाताखालची एक पॅरिश, म्हणजे गावच्या चर्चमधली पाद्र्याची जागा, रिकामी आहे आणि ती यांना मिळणार आहे, असं त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी मला सांगितलं होतं.

मी सही करायला नकार दिला. सर मायल्स मला म्हणाले, "गुरं हाकणाऱ्यासाठी कशाला एवढं? तो तुमचा कोण लागतो?" मी म्हणाले, "कोणी नाही. म्हणून तर माझं ऐका." त्यांनी ऐकलं नाही. कॉन्स्टेबलने प्रॉसरला मोडलेल्या हातासकट कोठडीत घातलं. खानावळीतल्या बाईने मला सांगितलं की आता तिच्याकडे खाट नाही. पाच वाजता होती.

मी शुक्रवारी सकाळी तिथून निघाले. काही वाट चालत व काही सफरचंदांच्या बैलगाडीतून येऊन काल रविवारी वुस्टरला पोचले. इथे येण्याचं कारण एवढंच, की इथले मॅजिस्ट्रेट कोणाचे काका नाहीत अशी मी चौकशी केली आहे.

माझी मागणी अशी की, मोडलेल्या गाडीचं लोखंडी पायताण ताबडतोब ताब्यात घ्यावं. ते त्या दिवशी आकड्यावरच लटकत होतं. वापरलेलं पायताण तळाला घासून चकचकीत होतं. याच्या तळावर जुना गंज होता, मी हात लावून पाहिला आहे. कोणाचीही साक्ष फिरवता येते, गंज फिरवता येत नाही. कोणी ते घासून ठेवण्याच्या आत माणूस पाठवावा.

मी कोणावर आरोप करत आहे हे मला माहीत आहे काय, असं विचारल्यावरून सांगते की, माहीत आहे. नाव पुन्हा लिहावं : फ्रेडरिक ऑस्कॉम्ब.

वरील मजकूर कारकुनाने मला मोठ्याने वाचून दाखवला. "कुत्र्यांचे पाय तपासले" हे त्यांनी गाळलं होतं, ते पुन्हा घालून घेतलं. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. मनगट सुजल्यामुळे सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

टॅबिथा हॅलोवे


पुरवणी जबाब
दिनांक : ८ नोव्हेंबर १७७३, सोमवार

मी टॅबिथा हॅलोवे, वय, धंदा व पत्ता पूर्वीप्रमाणेच, आज बोलावल्यावरून पुन्हा हजर होऊन सांगते की, माझा पहिला जबाब मला दाखवला. तो बरोबर आहे. त्यातला एकही शब्द मला बदलायचा नाही.

इथल्या कचेरीने पाठवलेल्या माणसाला पायताण मिळालं व लोहाराने त्याच्या तळावरचा गंज पाहिला, असं मला कळवण्यात आलं. त्यानंतर टर्व्हीला विचारलं असता त्याने लगाम कोणाच्या हातात होते ते सांगून टाकलं. मालकाने त्याला कामावरून काढलं आहे. तो माझ्या दारात आला होता. म्हणाला, "बाई, खरं सांगून आलो."

मी म्हणाले, "दहा दिवस लागले तुम्हाला."

"मला बायको आहे, पोरं आहेत."

"प्रॉसरला कोणी नाही असं वाटलं का तुम्हाला?"

मी त्याला आत बोलावलं नाही. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

इव्हान प्रॉसर यास दिनांक ४ रोजी सोडलं. तो माझ्याकडे आला व जेवला. हात नीट न बांधल्यामुळे वाकडा जुळला आहे. बोटं मिटत नाहीत. दोनशे गुरांपुढे त्या हाताने तो काय करणार, हे मी त्याला विचारलं नाही. तो पुन्हा तेच म्हणाला, "मी ओढलं. म्हातारी मेली." मी म्हणाले, "ओढलं नसतंस तर आपण सगळे मेलो असतो, तीसुद्धा." त्याने मान हलवली. त्याला पटलं असं मला वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पायी गेला.

केझाया मंडी हिच्या मृत्यूची चौकशी दिनांक १९ रोजी त्याच गावात बारा जणांपुढे झाली. मला बोलावलं नाही. त्या बारा जणांनी असा निकाल दिला की, सदर बाईचा मृत्यू गाडीच्या मागच्या डाव्या चाकामुळे झाला, सबब चाक दोषी असून ते सरकारजमा करावं. हे मी कारकुनाकडून दोनदा वाचून घेतलं. कायद्यात तशी जुनी पद्धत आहे, असं त्यांनी मला समजावलं. असेल. ज्या चाकाखाली पायताण घालायला सांगितलं होतं, तेच ते चाक.

मि. फ्रेडरिक ऑस्कॉम्ब सध्या बाथ शहरी हवापालटासाठी गेले आहेत असं समजतं. त्यांच्यावर काहीही लावलेलं नाही.

आज मला सर मायल्स यांच्या वकिलाचा कागद दाखवण्यात आला. त्यात असं लिहिलं आहे की, वेल्श इसम सुटला असल्याने अर्जदार बाईचं समाधान झालं असून तिची कोणाविरुद्ध तक्रार राहिलेली नाही. खाली सहीची जागा ठेवली आहे. कारकून मला म्हणाले, "बाई, तुमचा माणूस सुटला. आता आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

त्यावर मी जे सांगितलं ते लिहून घ्यावं. माझं समाधान झालेलं नाही. प्रॉसर सुटला, ही मेहेरबानी नाही. त्याला धरायलाच नको होतं. चाक आपणहून टेकडी उतरत नाही. केझाया मंडी हिला कोणी मारलं या ओळीत माणसाचं नाव यायला पाहिजे. ते नाव मी या कचेरीत दोनदा दिलं आहे, आज तिसऱ्यांदा देते : फ्रेडरिक ऑस्कॉम्ब, वय तेवीस, राहणार हॅझलडन. माझं मनगट अजून बरं नाही आणि शिवणकाम बंद आहे, त्यामुळे मला वेळ भरपूर आहे. पुढच्या सोमवारी मी येईन. त्याच्या पुढच्याही येईन.

वकिलाच्या कागदावर मी सही केलेली नाही. हा जबाब मी स्वतः वाचला. यात "अपघात" हा शब्द तीन ठिकाणी होता. तिन्ही ठिकाणी तो माझ्यासमोर खोडला आहे. बाकी बरोबर.

टॅबिथा हॅलोवे